सेटिंग चालू आहे

काही माणसं स्कूटर घेतात ती कामावर जायला, काही घेतात ती कार्ब्युरेटर उघडायला. दुसऱ्या जातीच्या माणसाला वस्तू सुरळीत चालू लागली की करमत नाही. आमच्या कॉलनीतले अण्णा हे या जातीचे कुलपुरुष. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुऱ्या बनवायचा छंद घेतला, असं तेच सांगतात. त्यांनी केलेली सुरी मात्र कोल्हापुरात अजून कोणी पाहिलेली नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सेटिंग चालू आहे. एकदा पट्टा जाग्यावर आला की मग सुऱ्याच सुऱ्या."

हा पट्टा बेल्ट ग्राइंडरचा. सुरीवाले त्याला 'दोन बाय बहात्तर' म्हणतात. दोन इंच रुंद आणि बहात्तर इंच घेराचा, कापडी पाठीचा सँडपेपरच तो. अण्णांच्या मशीनला २ एचपीची मोटर आहे. तिच्या शाफ्टवर १०० मिलिमीटरचं चाक, मिनिटाला २८८० फेरे. म्हणजे पट्टा मिनिटाला ९०० मीटर पळणार. एवढ्या वेगात तो जागा सोडून एका अंगाला सरकला, तर पात्याची वाट लागते. पातं मुठीला मिळतं तिथली घासाची रेघ दोन्ही बाजूंनी समोरासमोर यावी लागते. पट्टा दोन मिलिमीटर हलला की एका बाजूची रेघ पुढे, दुसरीची मागे. पट्टा अगदीच उतरला तर तो कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून मशीन सुरू करताना अण्णा बाजूला उभे राहतात आणि आपल्याला त्याहून लांब उभं करतात.

अण्णांनी आयुष्यभर सहकारी बँकेत तपासनिसाची नोकरी केली. त्यांच्या कारकिर्दीत एकही शाखा निर्दोष निघाली नाही. निघाली असती तर त्यांनी ती पुन्हा तपासली असती. तपासणीच्या वेळची तीच लांब वही आता व्हरांड्यात ग्राइंडरशेजारी असते. डाव्या पानावर 'आक्षेप', उजव्या पानावर 'पूर्तता'.

नवखा माणूस आला की अण्णा आधी वरचं चाक दाखवतात. "हात फिरव. काय लागतं?" काहीच लागत नाही. "मध्ये फुगीर आहे. कडांपेक्षा अर्धा मिलिमीटर उंच असेल नसेल. आता सांग, पट्टा उतारावरून घसरेल की चढेल?" सगळे घसरेल म्हणतात. अण्णांना तेच हवं असतं. "चढतो! पट्ट्याची जी कड मोठ्या घेरावर असते ती जास्त ओढली जाते. त्यामुळे मागून येणारा पट्टा उंचवट्याकडे तोंड करून येतो आणि तिथेच बसतो. पिठाच्या गिरणीची जुनी पुली आठव. तीही अशीच पोटाला फुगीर. पट्टा धरून ठेवायला दुसरा कोणी लागत नव्हता." मग ते चाकामागचा स्क्रू दाखवतात. तो पिळला की चाक किंचित कलतं आणि पट्टा डावी-उजवीकडे सरकतो. "ज्याला काही कळत नाही तो हा स्क्रू पिळत बसतो," असं म्हणत अण्णा तो पिळत बसतात.

गेल्या पावसाळ्यात अण्णांचा पट्टा उजवीकडे पळू लागला आणि घरात चैतन्य आलं. आक्षेप पहिला, ताण कमी. सैल पट्टा भरकटणारच. पूर्तता म्हणून नवी, कडक स्प्रिंग आली. आक्षेप दुसरा, वरचं चाक ज्यावर कलतं ती बिजागरी. अण्णांनी प्लग काढला, चाक हातात धरून दाताच्या डॉक्टरासारखं हलवलं, आणि "प्ले आहे!" अशी आरोळी ठोकली. बोल्ट बदलला. आक्षेप तिसरा, चाकं एका रेषेत नाहीत. त्यासाठी सगळ्या चाकांवर सरळ पट्टी लावून एका चाकामागे पत्र्याची चकती घातली. आक्षेप चौथा, चाकावर लोखंडाचा चुरा आणि पट्ट्याचा डिंक बसून त्याचा फुगवटाच हरवला. ती घाण वहिनींच्या नव्या घासणीने निघाली आणि त्यावर वहिनींचा स्वतंत्र आक्षेप आला. त्याची पूर्तता अद्याप बाकी आहे. आक्षेप पाचवा, मोटरच्या चाकाचा ग्रब स्क्रू ढिला, म्हणून चाकच शाफ्टवरून बाहेर येतंय. सहाव्या आक्षेपात फरशी सापडली. व्हरांड्याला पावसाच्या पाण्यासाठी उतार आहे, हे अण्णांनी स्पिरिट लेव्हल ठेवून सिद्ध केलं.

यातला प्रत्येक दोष, फरशी वगळता, खरा होता. अण्णा खोटा आक्षेप काढत नाहीत. फक्त दर पूर्ततेनंतर पट्टा उजवीकडेच जात होता.

शेवटी उद्यमनगरातले टर्नर आले, ज्यांनी ही चाकं लेथवर काढून दिली होती. त्यांनी वही वाचली नाही. पट्ट्याच्या जोडावर खडूची रेघ ओढली आणि मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीचा नॉब फिरवून ती ५० वरून १० हर्ट्झवर आणली. एरवी सेकंदाला आठ फेऱ्या मारणारा पट्टा आता दीडएक फेरी मारू लागला. खडू समोरून गेला की पट्टा झटका देई, मग पुन्हा खडू येईपर्यंत शांत.

"बगा अण्णा," ते म्हणाले, "चाक वाकडं असतं तर एका खडूमागं पाच-सहा झटकं आलं असतं. चाक तेवढं फिरतंय. ह्यो एकच हाय."

मग मशीन बंद करून त्यांनी पट्टा काढला, डावी कड उजवीकडे करून पुन्हा चढवला आणि तसाच हळू फिरवला. उजवीकडे पळणारा पट्टा गुणी बाळासारखा डावीकडे निघाला.

"मशीन खोड काढतंय म्हणता, पर खोड पट्ट्याची हाय. जोड वाकडा चिकटवलाय. एक कड लांब, एक आखूड. दुसरा लावा."

दुसरा पट्टा चढवला. आधीच्या पट्ट्यासाठी पिळून ठेवलेला स्क्रू थोडा उलटा फिरवला. पट्टा मध्यावर आला आणि तिथे राहिला. टर्नर चहा पिऊन गेले. अण्णांनी वहीत मागे जाऊन पहिल्या आक्षेपाच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, 'पट्ट्याविषयी प्रथमपासून संशय होता.'

अण्णांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या मशीनला त्यांच्यासारखा वैद्य नाही. ट्रकच्या स्प्रिंगपाट्यापासून सुऱ्या करणारी गावोगावची पोरं त्यांना फोन करतात. अण्णा तीनच प्रश्न विचारतात. "सगळे पट्टे पळतात की हा एकच? प्लग काढून हाताने फिरवलास? पट्टे खिळ्याला टांगतोस का?" तिसऱ्या प्रश्नावर पोरगा गप्प होतो. खिळ्यावर पट्ट्याला घडी पडते आणि पावसाळी हवेत कापड वाकतं. पट्टे जाड नळीवर, कोरड्या जागी टांगावेत. पाच मिनिटांत त्या पोराचं मशीन चालू होतं आणि महिन्याभरात त्याच्या सुरीचा फोटो येतो. असे पुष्कळ फोटो अण्णांच्या फोनमध्ये आहेत. स्वतःच्या मशीनपाशी मात्र त्यांना पाच मिनिटांत उठवत नाही.

परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला, "असशील तसा ये." गेलो तर ग्राइंडर चालू होता. पट्टा मध्यावर, दोरा लावल्यासारखा. वहिनींनी पात्याच्या आकाराचा, वर चुन्याने रेघ मारलेला लोखंडी तुकडा समोर आणून ठेवला होता. अण्णा खुर्चीत बसून पट्ट्याकडे बघत होते, चेहरा पडलेला.

"अर्धा तास झाला," ते म्हणाले. "हललेला नाही."

"मग झालं की अण्णा! करा सुरी."

"अरे, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतो का? तीस वर्षं हेच बघितलंय. एका खात्यात जास्त, दुसऱ्यात तेवढंच कमी, खाली बेरीज गोड. इथेही तसंच. एक चाक डावीकडे ओढतंय, दुसरं उजवीकडे. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतायत, म्हणून हा मध्ये दिसतोय."

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हतं, हीच अडचण. मी काही बोलायच्या आत त्यांनी मशीन बंद केलं, प्लग काढला आणि पाना उचलला. चेहऱ्यावर तजेला आला. दोन मिनिटांत वरचं चाक फरशीवर होतं आणि अण्णा ग्राइंडरखाली.

वहिनींनी चुन्याची रेघ मारलेला तुकडा आत नेला आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"भाऊजी, बाजारात जाणार असाल तर एक सुरी आणा. झालेली."

ग्राइंडरखालून आवाज आला, "आणि घेताना उभी धरून बघ रे, धार मध्यावर आहे का!"