सास्तूरकरांनी लिस्बन गाठावं

सास्तूर-लोहारा भागातलं एखादं कुटुंब हिवाळ्यात पाच-सहा दिवसांसाठी युरोपला निघणार असेल, तर त्यानं लिस्बनला जावं. पॅरिस नको, झुरिक नको, प्राग नको. आणि दहा दिवसांत सात देश दाखवणारी बस तर मुळीच नको.

इथून युरोपला जातं कोण, असं कुणी विचारेल. 1993 च्या भूकंपाच्या वेळी पाळण्यात असलेली लेकरं आज तिशी ओलांडून गेली आहेत. शिकली, पुण्या-हैदराबादला लागली, काही परदेशी पोचली. आई-बापाला एकदा विमानात बसवायचं त्यांच्या मनात येतं आणि आता ते त्यांना परवडतंही. ही इच्छा सोन्यासारखी आहे. चुकतं ते शहर निवडताना. शहर ठरवतो सिनेमा, नाहीतर मेव्हण्याच्या मोबाईलमधला फोटो, नाहीतर सहल विकणारा माणूस. ज्यांच्यासाठी जायचं, त्या म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही.

सगळ्यांना हवा असतो बर्फ. पण युरोपातल्या मोठ्या शहरांत डिसेंबरात बर्फ पडेलच असं नाही. लंडन-पॅरिसात तर बहुतेक वेळा नुसता गारठा आणि भुरभुर पाऊस. खरा बर्फ डोंगरावर असतो, आणि तिथं साठी ओलांडलेल्या गुडघ्यांनी करायचं काय? फोटो काढून परत हॉटेलात यायचं.

त्याहून मोठी अडचण उजेडाची, आणि तिकिटं काढताना तिचा विचार कुणीच करत नाही. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सुमारे अकरा तासांचा दिवस असतो. स्टॉकहोमला तो सहा तासांचा, बर्लिनला पावणेआठ, पॅरिसला सव्वाआठ. बर्लिनमध्ये सूर्य उगवतो सव्वाआठच्या सुमारास आणि चार वाजायच्या आत मावळतो. पहाटे पाचला उठून गोठ्याकडे जाणाऱ्या माणसाला तिथं नेलं, तर तो तीन तास अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे बघत बसणार. लिस्बनला साडेनऊ तासांचा दिवस मिळतो. दुपारी पारा चौदा-पंधरा अंशांवर असतो, रात्री आठ अंशांच्या आसपास. म्हणजे गारठा आपल्या गावच्या कडक थंडीपेक्षा थोडा जास्त. घरातला स्वेटर, कानटोपी आणि एक चांगला रेनकोट एवढ्यावर भागतं.

नाताळच्या बाजारांचंही तेच. जर्मनीतले ते दिव्यांचे बाजार बघायला लोक 25 तारखेनंतरची तिकिटं काढतात, कारण लेकरांना सुट्टी तेव्हाच. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार 24 डिसेंबरला उठतो. 25 ला लंडनमध्ये भुयारी रेल्वेही धावत नाही आणि बसही. लिस्बनमध्येसुद्धा 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीला बरंच काही बंद असतं, हे आधीच सांगून ठेवतो. ते दोन दिवस फिरण्यात धरू नयेत.

आणि येळवस सोडून जाऊ नये. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं घर शेतात, आंबील, भज्जी, उंडे; पुण्याला गेलेला पोरगासुद्धा या एका दिवसासाठी गावी येतो. ही अमावस्या कॅलेंडरात सरकत असते. 2024 या एकाच सालात ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि पुन्हा 30 डिसेंबरला. तेव्हा आधी कालनिर्णय बघा, मग विमानाचं तिकीट. येळवशीला शेत सोडून परदेशी बसलेल्या आजीला कुठलंही शहर गोड लागणार नाही.

हवा आणि उजेड एवढंच पाहायचं, तर सेव्हिलही चालेल, अथेन्सही चालेल, माल्टाही चालेल. लिस्बनच का, याचं उत्तर सास्तूरच्या मातीत आहे.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांचा भूकंप. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. सास्तूर, किल्लारी, होळी, तळणी, पेठसांगवी, राजेगाव. मृतांचा सरकारी आकडा साडेसात हजारांच्या पुढचा, लोक धरतात तो दहा हजारांचा. 52 गावं जागेवरून उठून नव्या ठिकाणी वसली. हे ज्यानं सोसलं, त्याला युरोपातलं एकच मोठं शहर कळेल आणि त्या शहरालाही त्याचं दुःख ओळखीचं असेल.

लिस्बन पडलं 1 नोव्हेंबर 1755 ला, सकाळी साडेनऊनंतर. सर्व संतांचा सण होता, माणसं चर्चमध्ये होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. आधी धरणी हलली, मग समुद्र शहरात घुसला, मग कित्येक दिवस आग. किती माणसं गेली याचे अंदाज वेगवेगळे, पण ते दहा हजारांपासून पुढेच सुरू होतात. राजा पहिला जोसे त्या दिवशी शहराबाहेर बेलेममध्ये होता म्हणून वाचला. त्यानंतर तो दगडी छपराखाली राहायला कधी तयार झाला नाही. आधी तंबू आणि मग आजुदाच्या टेकडीवर लाकडी महाल, तिथंच त्याचा दरबार भरायचा. आमच्या भागात पक्कं घर मिळाल्यावरही कितीतरी माणसं वर्षानुवर्षं अंगणात बाज टाकून झोपत राहिली. त्यांना अडाणी म्हणणारे साहेब मी ऐकले आहेत. त्या साहेबांना पोर्तुगालच्या राजाची ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी होती.

राजाचा मंत्री पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेला. माणूस क्रूर होता, विरोधकांना त्यानं निर्दयपणे संपवलं; त्याची आरती करायचं कारण नाही. पण त्याच्या हाताखालच्या मान्युएल द माया या म्हाताऱ्या अभियंत्यानं काम चोख केलं. शहर होतं तसंच बांधायचं, रस्ते रुंद करून बांधायचं, की उठवून दुसरीकडे न्यायचं, असे पर्याय त्यानं लिहून मांडले. म्हणजे आपल्याकडे 1993 च्या हिवाळ्यात पत्र्याच्या शेडात बसून जो वाद झाला, तोच तिथं 1755 च्या हिवाळ्यात झाला. लिस्बननं जागा सोडली नाही. ढिगारा सपाट केला आणि त्यावरच सरळ, काटकोनी रस्त्यांची नवी पेठ उभारली. तिला बायशा म्हणतात.

त्या पेठेतल्या घरांच्या भिंती कशा उभ्या आहेत, ते सास्तूरच्या गवंड्यानं मुद्दाम जाऊन पाहावं. भिंतीच्या आत लाकडाचा सांगाडा आहे. उभे खांब, आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक चौकटीत तिरक्या लाकडांची फुली. मधली जागा विटा-दगडांनी भरून वरून गिलावा. या बांधणीला ते गायोला म्हणतात, म्हणजे पिंजरा. नमुन्याचा सांगाडा उभा करून त्याच्याभोवती सैनिकांची पलटण पाय आपटत चालवली आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढली. खिडक्या-दारं एका मापाची, कारण ती बाहेर घडवून आणून इथं बसवायची होती.

आता आपलं खणाचं घर आठवा. लाकडी खांब, तुळया, वर फळ्या, त्यावर मातीचं जाड माळवद. सभोवती जाड दगडी भिंत, मातीत रचलेली. लाकूड आपल्याकडेही होतं. पण खांब आणि तुळई यांना तिरकं बांधणारी फुली नव्हती. आणि भिंतीचे आतला व बाहेरचा असे दोन थर, त्यांना आरपार जोडणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्का बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि दगड झोपलेल्यांवर आले. आपल्या आजोबांचं घर वाईट लाकडानं पडलं नाही. देवाच्या कोपानंही पडलं नाही. एक तिरकी पट्टी आणि एक आडवा दगड कमी पडला.

हे आजोबांना त्या पेठेत उभं राहून नातवानं सांगावं. बत्तीस वर्षांहून अधिक काळ एखाद्याच्या मनात असेल की आपणच बांधलेल्या भिंतीनं आपली माणसं घेतली. त्याला कळू दे की त्याला हे शिकवायला कुणी आलंच नव्हतं, आणि हे ज्ञान जगात दोनशे वर्षांहून जास्त काळ पडून होतं. आणि परत आल्यावर त्याच नातवानं घरावर नजर टाकावी. पुनर्वसनात 250, 400, 750 चौरस फुटांची घरं मिळाली, जमिनीच्या हिशेबानं. तेव्हा अभियंत्यांनी ती भिंतींना एकत्र बांधणारा आडवा पट्टा घालून बांधली. पण पुढे संसार वाढला तशा जोडत गेलेल्या खोल्यांत तो पट्टा आहे का? नसेल तर तो आधी घालून घ्या. युरोप पुढच्या वर्षीही तिथंच असेल.

कार्मोचा मठ चुकवू नका. भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं आणि ते पुन्हा घातलंच नाही. कमानी आभाळाखाली उघड्या उभ्या आहेत, आत छोटं संग्रहालय आहे. शहराच्या मधोमध एवढी महागडी जागा त्यांनी आठवणीसाठी सोडली. आपण जुन्या गावठाणांचं काय केलं? बाभळी वाढू दिल्या. या गोष्टीचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

बेलेमला 2022 साली ‘क्वेक’ नावाचं केंद्र उघडलं आहे. तिथं 1755 चा भूकंप पुन्हा अनुभवायला देतात. बसायची बाकं हलतात, आवाज होतो. शाळकरी लेकरांना जरूर न्या. पण ज्यांनी ती पहाट पाहिली आहे त्यांना त्या खोलीत नेऊ नका. गंमत म्हणूनही नाही, तेवढंच बघून येऊ म्हणूनही नाही. त्या वेळात त्यांना जवळच्या जेरोनिमोश मठात न्यावं. तिथं वास्को द गामाची कबर आहे. तो मठ 1755 मध्ये बहुतांशी तगला.

लिस्बनचे दोषही सांगतो. डिसेंबर हा तिथला पावसाचा महिना आहे. शहर टेकड्यांवर आहे आणि पदपथ गुळगुळीत पांढऱ्या दगडांचे. ओले झाले की पाय सरकतो. म्हणून मुक्काम बायशाच्या सपाटीवरच घ्या, स्वस्त मिळालं म्हणून अल्फामाच्या चढावर नको. पायात रबरी तळाचे बूट, चप्पल नव्हे. जुन्या घरांत ऊब देणारी सोय नसते, बाहेरपेक्षा आत जास्त गारठतं. खोली ठरवताना हीटर आहे का हे लेखी विचारून घ्या. 28 नंबरची ट्राम छान आहे, पण दिवसा खच्चून भरते आणि तीत खिसे कापले जातात. सकाळी लवकर पहिल्या थांब्यावर बसा.

जेवणाची काळजी इतर शहरांपेक्षा कमी. भात, बटाटा, घेवड्याच्या बिया, पाव रोजचेच. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्याच जहाजांतून आली. माळकरी माणसांनी मात्र सूप मागताना विचारावं, कारण हिरव्या पालेभाजीच्या सूपमध्येही डुकराच्या मांसाची चकती असते. गोड पेस्ट्रीत अंडं असतं. मार्तिम मोनिशच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आहेत, डाळ-पीठ मिळतं. लुमियार भागात राधाकृष्णाचं मंदिर आहे, तिथं शाकाहारी जेवणही मिळतं. ते चालवणारा समाज मुख्यतः गुजराती मुळाचा, बराचसा मोझांबिकमार्गे तिथं गेलेला. चार दिवस पोटाला लागलेली भूक तिथं भागेल.

आता कागद. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या लेकरांना 45, त्याखालच्यांना काही नाही. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरच्या प्रवासासाठी सप्टेंबरात करावा, नोव्हेंबरची वाट बघू नये. शेतकरी आई-वडिलांकडे प्राप्तिकराचं विवरणपत्र नसतं, म्हणून कमावत्या मुलानं खर्चाची हमी, पगाराच्या पावत्या आणि बँकेचा हिशेब जोडावा, सोबत सातबाराचं इंग्रजी भाषांतर. विमान हैदराबादहून धरा. उमरग्याहून ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. मध्ये एकदा विमान बदलावं लागेल. दोन विमानांत तीन तासांचं अंतर ठेवा आणि म्हाताऱ्यांसाठी चाकाची खुर्ची तिकिटासोबतच मागून घ्या. ती फुकट असते.

आणि पासपोर्ट आजच काढायला घ्या. ज्यांची कागदपत्रं 1993 च्या ढिगाऱ्यात गेली त्यांच्याकडे जन्मदाखला नसणार, पण जन्मतारखेसाठी पॅन चालतं. फक्त आधार आणि पॅन या दोन्हीवर नाव आणि तारीख एकसारखी हवी. एकावर ‘बाई’ आणि दुसऱ्यावर नुसतं नाव, एकावर 1 जानेवारी आणि दुसऱ्यावर 1 जून, हे आपल्याकडे घरोघरी आहे. आधी ते दुरुस्त करा. कुठलं शहर यावर भावंडांनी भांडायला त्यानंतर भरपूर वेळ आहे.