भिंतीवरचा करोडपती

"ताई, ओ ताई! आमच्या रितेशचं बघितलाव का?"

भिंतीपलीकडून वैनींचा आवाज आला. वैनी राहतात नांदेडात, तरोडा नाक्याकडं आमच्या शेजारी, पण 'आमचं' म्हणलं की समजायचं, लातूरचं. लेकानं मोबाईलवर जुना 'कौन बनेगा करोडपती' लावून दिला होता. 2021 चा, ऑक्टोबरातला. अमिताभसमोर रितेश देशमुख अन जिनिलिया.

"कॅन्सर झालेल्या लेकरांसाठी खेळले बघा दोघं," वैनी म्हणाल्या. "शेवटी लातूरचं रक्त हाय!"

"लातूरचं कुठलं वैनी? मुंबईत वाढलंय ते."

"मग त्याचं बाभळगाव काय मुंबईत हाय? अन जिनिलिया आमची सूनच की. मराठी किती गोड बोलती!"

यावर काय बोलणार? सून एकदा गोड बोलली की अख्खा जिल्हा सासर होतो. वैनींची गाडी सुसाट सुटली. 2016 ला स्टार प्रवाहवर रितेशचा 'विकता का उत्तर' होता. उत्तर येत नसेल तर समोर बसलेल्यांशी घासाघीस करायची अन विकत घ्यायचं. "आडतीत भाव कसा पाडतेत ते आमच्या पोरांना शिकवावं लागत नाई," हा वैनींचा निष्कर्ष.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आकडे अजून पाठ. त्यांना बघून मी मनातलं काढलं, "बाई, मला एक सांगा. करोडपतीत ह्या मोठ्या माणसांची गाडी पंचवीस लाखावरच कामून अडती?"

बाईंनी बोटांवर मोजायला घेतलं. 2018 ला हेमलकशाचे डॉक्टर प्रकाश आमटे अन मंदाताई आल्या, पंचवीस लाख. 2019 ला सिंधुताई सपकाळ, पंचवीस लाख. 2021 ला गांगुली अन सेहवाग, पंचवीस लाख. दीपिका अन फराह खान, पुन्हा पंचवीस.

"अन त्याच 2019 मधी आपली बबिता ताडे?" वैनींनी विचारलं. "अंजनगाव सुर्जीची. शाळेत खिचडी शिजवणारी. तिनं सरळ एक कोटी नेले की!"

"म्हणजे खिचडीवाली बाई सगळ्यांपेक्षा हुशार," मी म्हणलं.

"हुशार तर हायच," बाई म्हणाल्या, "पण हिशोब वेगळा हाय. साध्या माणसाचा खेळ उरला तर दुसऱ्या दिवशी पुढं चालतो. पाहुण्यांचं एका भागात आटपावं लागतं. गप्पा, गाणी, आठवणी ह्यातच निम्मा वेळ जातो. साडेबारा लाखानंतर थेट पंचवीस, मग पन्नास. पंचवीसला पोचले की घड्याळ संपत आलेलं असतंय."

वैनींना हे पटलं नाही. त्यांच्या मते मोठ्या माणसाला जास्तीचं मागायची लाज वाटत असणार.

मला मात्र सिंधुताईंचं नाव निघाल्यापासून टोचत होतं. माई एका काळी परभणी, नांदेड, मनमाडच्या रेल्वे स्टेशनांवर भीक मागत हिंडायच्या. म्हणजे आपल्याच स्टेशनावर. पुढं हजारावर अनाथ लेकरांची आई झाल्या. कार्यक्रमात अमिताभ त्यांच्या पाया पडला, ते चांगलंच झालं. पण पाया पडून झाल्यावर त्याच माईला चार पर्याय दाखवायचे अन म्हणायचं, आता बरोबर उत्तर दे म्हणजे लेकरांना पैसे!

"परीक्षा द्यायची ती त्यांनी की आपण?" मी विचारलं. "एखादं उत्तर चुकलं असतं तर लेकरांच्या ताटातली भाकर कमी करायची का?"

बाई चष्मा पुसायला लागल्या. म्हणजे पुढं धडा होता.

"दीपिका-फराहचा भाग आठवतो? फराहनं एका लहान लेकरासाठी मागितलं होतं. स्नायूंचा आजार. त्याच्या एका इंजेक्शनला सोळा कोटी रुपये. आता पंचवीस लाखानं सोळा कोटी गाठायचे तर किती येळा जिंकावं लागंल?"

वैनी तूर निवडायचं सोडून आभाळाकडं बघायला लागल्या. मी विषय बदलायच्या बेतात होते.

"चौसष्ट येळा," बाईंनीच सांगितलं. "म्हणून म्हणते, बक्षिसाची रक्कम धरून बसू नका. त्या लेकराचं दुखणं देशाला कळलं, त्याला मोल हाय. जिंकलेले पैसे एकदाच मिळतेत. ऐकून पाठवणारे कितीतरी असतेत."

"पण ज्या लेकराचं नाव कुण्या नटाच्या कानावरच गेलं नाई, त्यानं काय करायचं?" मी हट्ट सोडला नाही.

आता वैनी सरसावल्या. ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडं होतं, अन अर्थातच लातूरचं होतं.

"ताई, 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलतं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. पेपरात, टीव्हीत सगळीकडं आमच्या घागरी. भावाला फोन केला की पहिला प्रश्न, पाणी आलं का? जेवलास का, ते मागून. त्याच वर्षी आमिर खानच्या पाणी फाउंडेशनचा वॉटर कप सुरू झाला, गावागावांची पाणी अडवायची शर्यत. पुढच्या वर्षापासून आमची गावंबी उतरली. तोबी खेळच, टीव्हीवर दाखवायचे 'तुफान आलंया'. पण त्यात खेळायचं कुणी? गावानं! 2018 च्या एक मेला आलिया भट आमिरसोबत आमच्या जिल्ह्यात आलती. ती फक्त पाहुणी. टिकाव गावाच्या हातात."

"अन जिंकलं कोण? लातूर?" मी मुद्दाम विचारलं.

"त्या वर्षी साताऱ्याकडचं टाकेवाडी," बाई म्हणाल्या. "पंच्याहत्तर लाख."

"असूद्या की!" वैनी अजिबात खचल्या नाहीत. "हरलेल्या गावानं खोदलेले चर काय परत बुजवले का? पाऊस पडला की पाणी त्याच गावात मुरणार. बक्षीस एकाला, पाणी सगळ्याला. तुमच्या करोडपतीत चुकीचं उत्तर दिलं की धपकन खाली."

मी गप्प झाले. मला जे मघापासून टोचत होतं, ते वैनींनी सुपातल्या खड्यासारखं उचलून बाजूला टाकलं होतं. दान जिंकणाऱ्याच्या हुशारीवर टांगलं की मन धास्तावतं. हरणाऱ्याच्याही हातून काही उभं राहिलं, तर तो खेळ खरा धर्माचा.

"मग आपल्या भिशीत करू की असंच काही," मी म्हणलं. "दर महिन्याला हौजी खेळतो अन जिंकणारी साडीला मॅचिंग घेऊन येती. त्यापरीस प्रश्नमंजुषा ठेवू. पलीकडच्या गल्लीतल्या दोन पोरी पाससाठी पैसे नाईत म्हणून कॉलेजला चालत जातेत."

"जिंकणारीनं पैसे द्यायचे?" बाईंनी विचारलं.

"छे! हरणारीनं द्यायचे. जिंकणारी एकच असती, हरणाऱ्या मस्त अकरा. पैसे कमी पडायचं नावच नाई."

बाईंनी लगेच वही काढायचं कबूल केलं. वैनींची अट एकच होती, लातूरवर किमान दोन प्रश्न पाहिजेत. प्रश्न काढायचे कुणी, यावर जरा ओढाताण झाली. बाई म्हणाल्या, सामान्य ज्ञान माझ्याकडं.

"तुमचं देशाचं ज्ञान पक्कं हाय बाई, त्यात वाद नाई," वैनी सूप झटकत म्हणाल्या. "पण आपली भिशी गल्लीची हाय. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या घरी नवीन फ्रीज आला अन हप्ता किती, हे तुम्हाला कुठं ठाव? प्रश्न मीच काढणार!"