सापवाले पोट्टे

अकोल्यात मे महिन्यात उन्हाळ्याची तारीफ करणारं गाणं म्हणायला हिंमत लागते. आमच्या बँडनं ती केली होती. ब्रायन अॅडम्स हा कॅनडाचा गडी; त्याला 1969 च्या उन्हाळ्याच्या आठवणीनं गलबलून येतं, ते त्याच्या गावाकडे ठीक आहे. इथे पारा 45 च्या वर, डांबर चपलेला चिकटतंय, कूलरची टाकी कोरडी, आणि स्टेजवरचा पोरगा उन्हाळ्यासाठी जीव टाकतोय. पुढच्या रांगेतल्या काकाजींनी नीट ऐकून निदान केलं, "याले ऊन लागलं बे. कांदा द्या याले."

गोष्ट नव्वदच्या दशकातली. गच्चीगच्चीवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या आणि अमरावतीच्या पोट्ट्यांना कळलं की गिटार नुसती भिंतीवर टांगायची वस्तू नाही. नोव्हेंबर 1996 मध्ये मायकल जॅक्सन मुंबईत नाचून गेला. राजकमल चौकातल्या पानठेल्यांवर त्यावर जी चर्चा झाली, तिच्यात तो बडनेऱ्याला उतरून आल्यासारखा तपशील होता.

त्या वेळी गावातलं प्रस्थापित संगीत म्हणजे ऑर्केस्ट्रा. एकजण मुकेशचा आवाज, एकजण किशोरचा, साडीवर मोठा ब्रोच लावलेल्या ताई लताचा आवाज. स्वतःचा आवाज असणाऱ्याला तिथे जागा नव्हती. सगळ्यांना चकाकते कोट आणि सगळ्यांचा जीव इकोमध्ये. गाणं पडलं तर चालेल, इको पडता कामा नये. "माइक टेस्टिंग"मधला "टेस्टिंग" मालटेकडीवर आपटून परत आला की मगच गायकाला धीर यायचा.

या सत्तेविरुद्ध आमचं बंड उभं राहिलं. एक गिटारवाला, एक ड्रमवाला, एक कॅसिओवाला आणि मी निवेदक. रॉक बँडमध्ये निवेदक कशाला, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतील. वऱ्हाडात निवेदकाशिवाय सत्यनारायणसुद्धा होत नाही. इंग्रजी गाण्याआधी दोन शेर टाकून पुढे काय होणार आहे याची लोकांना कल्पना देणं, हे माझं काम. बास गिटार आमच्याकडे नव्हती. ती आणायचा विषय गिटारवाल्याच्या घरी निघाला होता, पण त्याच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला. "सहा तारांची स्वस्त अन् चार तारांची महाग, हा कोणता हिशोब?" यावर आजही कोणाकडे उत्तर नाही.

बँडचं नाव इंग्रजी होतं, जरा भीतिदायक होतं, आणि ते इथे सांगत नाही, कारण आम्ही सगळे आता बापमाणसं आहोत. बॅनर रंगवायला दिलं तेव्हा पेंटरला ते नाव अर्धवट वाटलं. त्यानं आपल्या मनानं पुढे "ऑर्केस्ट्रा" जोडलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, "लग्न, बारसे व जागरणाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील." वरच्या कोपऱ्यात गणपती, खालच्या कोपऱ्यात कवटी. पैसे दिले होते, बॅनर तसंच लागलं.

तालीम चालायची एका जिनाच्या गोदामात. याबाबतीत मात्र आमच्याइतका नशीबवान बँड साऱ्या देशात नसेल. कापूस आवाज खातो. मुंबईच्या स्टुडिओत भिंतींना गाद्या ठोकतात, त्यासाठी पैसे मोजतात. आमच्या चहूबाजूंना छतापर्यंत रुईच्या गाठी रचलेल्या. आत ड्रम फोडला तरी फाटकावरच्या चौकीदाराची झोप मोडत नसे. अडचण एवढीच की दिवाळीनंतर हंगाम भरात आला की आवाज आणखी सुधारायचा आणि उभं राहायला जागा उरायची नाही. शिवाय धाग्याचे बारीक कण नाकातोंडात जाऊन ऐन आलापात शिंक यायची. ऐकणाऱ्यांना ती आमची शैली वाटे.

अमरावतीहून अकोल्याला जायचं ते एसटीनं, मूर्तिजापूरमार्गे. टपावर ड्रमसेट, मांडीवर कॅसिओ. एकदा मोठा ड्रम टपावर मावेना म्हणून आत आणला आणि मागच्या सीटवर खिडकीशी बसवला. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत तिथपर्यंत आले. ड्रमकडे पाहिलं, मग ड्रमवाल्याकडे.

"हे कोण?"

"ढोल हाय, भाऊ."

"ढोल हाय ते दिसते मले. सीटवर बसला म्हणून म्हणतो. फुल का हाफ?"

बराच खल होऊन हाफवर तोड निघाली. मूर्तिजापूरला एक आजीबाई चढल्या, तेव्हा कंडक्टरांनीच ड्रमला उठवलं. "लेकराले मांडीवर घ्या." पुढचा अख्खा रस्ता ड्रमवाला त्या ड्रमला कवटाळून बसला होता, आणि आजीबाई त्याला आपल्या डब्यातली सांभारवडी खाऊ घालत होत्या.

अकोल्याचा श्रोता निदान कांदा देऊन मोकळा होतो. अमरावतीचं तसं नाही. हे सुरेश भटांचं गाव. 1932 मध्ये ते इथे जन्मले, इथेच शिकले आणि आपल्या गझला स्वतः गाऊन त्यांनी मैफली जिंकल्या. मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे पुढे तीच गझल गात महाराष्ट्रभर फिरले. त्यामुळे या जिल्ह्यात दर तिसऱ्या घरात एक माणूस मात्रा मोजत बसलेला असतो. एका कोजागिरीला आम्ही स्वतः रचलेलं रॉक गाणं पेश केलं. व्यवस्थेवर आग ओकणारं होतं. संपल्यावर टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. मागून एक धोतरातले गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाकी ठीक आहे. याचा काफिया काय?" गिटारवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. काफिया हे निवेदकाचं खातं. मी म्हणालो, "दादाजी, हे मुक्तछंदात आहे." ते म्हणाले, "मग ओरडता कायले? मुक्त आहे तर आरामात म्हणा."

आमचा ड्रमवाला खरा उस्ताद. गुरुकुंज मोझरीच्या बाजूच्या खेड्यातला. त्यानं ड्रम पहिल्यांदा पाहिला तो टीव्हीवर, पण हातात लहानपणापासून खंजिरी होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनावर वाढलेल्या पोरांची लय हलत नाही. मागे इंजिन लावलं तरी हलत नाही. आम्ही त्याला परदेशी बँडांच्या वर्ल्ड टूरच्या गोष्टी सांगायचो. तो निवांत सुपारी कातरत म्हणायचा, "आमचे महाराज पंचावन साली जपानले जाऊन आले." आणि ते खरंच आहे, 1955 मध्ये तुकडोजी महाराज तिथल्या जागतिक धर्म परिषदेला गेले होते. आमच्या बँडची धाव मूर्तिजापूर ओलांडून गेली की आम्ही नारळ फोडत होतो.

याच ड्रमवाल्यानं श्रावणातल्या शेवटच्या सोमवारचा एक कार्यक्रम आयत्या वेळी सोडला. अकोल्यात त्या दिवशी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडींनी राजराजेश्वराला येतं. रात्रभर पायी चाल आणि रात्रभर ढोल. "तिथं हजार लोकं माह्या ठेक्यावर चालतात," तो म्हणाला, "तुमच्या इथं चाळीस लोकं बसून रायतात, अन् तेही भेळ खात." यावर काय बोलणार?

आता एक गोष्ट जरा सरळच सांगतो. आम्ही बंडाची गाणी परदेशी कॅसेटवर शोधत होतो, तेव्हा 14 एप्रिलच्या आसपास अकोल्या-अमरावतीच्या वस्त्यांमध्ये रात्र रात्र भीमगीतं चालत. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव स्वतः गाऊन पेरली. तिथे मुकेशचा आवाज, लताचा आवाज असला प्रकार नव्हता. चाल घरची, शब्द घरचे, भांडण खरं. कव्वालीचा मुकाबला लागला की समोरच्यानं टाकलेल्या सवालाला तिथल्या तिथे, पेटीचा सूर थांबायच्या आत जवाब. कॅसिओवाला एका जयंतीला बदली म्हणून वाजवायला गेला आणि पहाटे पाचला परत आला तो डोळे तांबारलेला. म्हणाला, "आपण जे करतो ना, त्याले ते लोक साउंड चेक म्हणतात."

तरीही आम्हाला नाव मिळालं, आणि ते मिळवून दिलं नागिननं.

झालं असं की अमरावतीतल्या एका गणेश मंडळानं आम्हाला बारा गाण्यांचं सांगून बोलावलं. पाचव्या इंग्रजी गाण्यानंतर चिठ्ठी आली, "भाऊ, इंग्रजी झालं असन तं नागिन वाजवा." गिटारवाल्याचा चेहरा पडला. हे ऐकण्यासाठी का आपण बोटं सोलून घेतली? पण कॅसिओवाल्यानं त्याला बाजूला घेतलं. त्याच्याकडे एक हुकमी माहिती होती. 1954 च्या 'नागिन'मध्ये हेमंतकुमारांनी जी बीन वाजवून घेतली, ती बीन नव्हतीच. क्लेव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य होतं आणि ते वाजवलं होतं कल्याणजींनी, ते संगीतकार व्हायच्या आधी. म्हणजे आपण ज्याला नवं नवं म्हणून छाती फुगवत होतो, ते इलेक्ट्रॉनिक संगीत आपल्या जन्माआधीपासून दर वरातीत रस्त्यावर लोळत होतं. लोळतच होतं, नाचणारे लोळायचे म्हणून.

मग गिटारवाल्यानं डिस्टॉर्शनचं बटण पूर्ण पिळलं. एरवी ज्या आवाजाला लोक कान झाकायचे, त्याच आवाजात नागिन निघाली. फाटकी, घोगरी, विषारी. खाली खंजिरीचा ठेका. सफारी घातलेले एक मामाजी दातात रुमाल धरून मंडपात आडवे झाले. काफियावाले दादाजी खुर्ची सरकवून मान डोलावत होते. मंडपामागच्या गिलावड्याच्या गाडीवरचा माणूस झारा हातात घेऊन पुढे आला, त्याचा एक घाणा जळला. नागिन तीनदा वाजली. चौथ्यांदा सुरू झाली आणि लाइन गेली, तर लोकांनी तोंडानं पूर्ण केली.

हिशोबाला मंडळाचे अध्यक्ष बसले. नोटा थुंकी लावून मोजल्या आणि अर्ध्यावर थांबले.

"बारा गाणे ठरले होते. त्यातले पाच आमच्या समजात नाई आले. त्याचे कापले."

आम्ही म्हणालो, हे बरोबर नाही. त्यांनी विचार केला आणि वरून काही नोटा ठेवल्या. "हे नागिनचे. न्यायाचं काम हाय." मग गिटारवाल्याच्या आणि कॅसिओवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून आपुलकीनं म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमच्या साळ्याचं लगन हाय, दर्यापूरले. तुम्ही सापवाले दोघं नक्की या." माझ्याकडे बघून थोडं थांबले. "हे शेर म्हणणारे नाई आले तरी चालते."