चांदणीवाली आजी

जाहिरातीत शब्दाशेजारी चांदणी दिसली की समजावं, अटी लागू. भाषाशास्त्रातली चांदणी त्याहून धीट. ती सांगते, हा शब्द कुणी ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला सापडलेला नाही, पण होता म्हणजे होताच. आदि-स्लाव्हिकमधली ‘*बेर्झा’ अशीच एक. अर्थ बर्च, पांढऱ्या सालीचं झाड. नातवंडांच्या चेहऱ्यांवरून न पाहिलेल्या आजीचं नाक ठरवावं, तशी पंडितांनी तिला उभी केली आहे.

नातवंडं मात्र अस्सल. पण आजीचा ‘र’ काही कुणाला जागच्या जागी ठेवता आला नाही. बल्गेरियनांनी त्याला उडी मारायला लावून ‘ब्रेझा’ केलं, आपण नुकसानाचं नुस्कान करतो तसं. रशियनांनी पुढे जादा स्वर घालून ‘बिर्योझा’ केलं, आपल्या धर्माचा धरम होतो तसं. पोलिश लोकांनी तो लिहायला ठेवला आणि बोलताना गिळला: ‘बझोझा’. युक्रेनमध्ये तर मार्च महिनाच ‘बेरेझेन’. रशियात पूर्वी वांड पोराला ‘बर्चची लापशी’ खाऊ घालत, म्हणजे बर्चच्या फोकाने झोडपत. मार आपणही खातोच. त्यांनी पदार्थाला नाव ठेवलं, एवढंच.

याच घराण्याची एक पाती आपल्याकडे आहे: संस्कृत ‘भूर्ज’. तिकडे ती, इकडे तो. मूळ धातू चकाकण्याचा, आणि हिमालयातल्या भूर्जाची साल बघितली की तो पटतो. त्या सालीवर पत्रं लिहायची खोड मात्र दोन्ही घरांत आपापली लागली. ‘विक्रमोर्वशीया’त उर्वशी भूर्जपत्रावर प्रेमपत्र लिहिते, ते विदूषकाच्या हातून निसटतं आणि नेमकं राणीला सापडतं. विदूषकावर टपाल सोपवलं की दुसरं काय होणार!

रशियातल्या नोव्गोरोदला सालीवरचं पहिलं पत्र 26 जुलै 1951 रोजी ओल्या मातीतून निघालं. त्यानंतर हजारावर निघाली. उधारी, निरोप, घरच्या कटकटी. वाचताना आपल्याच आळीत असल्यासारखं वाटतं. त्यात तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या एका पोराचा गृहपाठही आहे. अक्षरं गिरवायला घेतली आणि कंटाळून त्याने घोडेस्वार काढला, शत्रूला भाला मारणारा. शेजारी स्वतःचं नाव घालायला मात्र तो विसरला नाही.