फिल्टर कसा हरवावा? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी लागली आणि पहिलंच काम मिळालं: कळमना मार्केटच्या अडत्यांसाठी भाव दाखवणारं वेब ॲप. अडत्या 'संत्री, आंबिया बहार' निवडणार, भाव उतरत्या क्रमाने लावणार, चौथ्या पानावर जाणार. पान रिफ्रेश होताच ही सगळी मेहनत कशी पुसायची, ते शिकून घ्या.

१. सगळं कुकीत कोंबा. १९९४ साली नेटस्केपच्या लू मोंटुलींनी कुकी काढली, ती सर्व्हरला गिऱ्हाईक ओळखता यावं म्हणून. तुम्ही तिच्यात डावीकडचा मेनू उघडा की मिटलेला, कुठला रकाना किती रुंद, हे लिहा. कुकी तुमच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत जाते, अगदी लोगोचं चित्र मागवतानाही. सीताबर्डीवर रुमाल घ्यायला निघालात, तर घरातलं कपाट डोक्यावर हवंच ना! साधारण ४ केबीच्या पुढे गेलात की ब्राउझर ती कुकी मुकाट्याने टाकून देतो. तक्रारही करत नाही, किती गुणी!

२. मग लोकल स्टोरेजकडे वळा. जागा साधारण ५ एमबी, आणि सर्व्हरकडे आपोआप काही जात नाही. पण तिथे फक्त मजकूर राहतो. मेनू मिटलाय म्हणून 'फॉल्स' ठेवा. परत येताना तो नुसता शब्द होऊन येईल, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी कुठलाही न-रिकामा शब्द खराच. मेनू पुन्हा उघडा! घाबरू नका, त्याला 'फीचर' म्हणा. आयफोनवाला अडत्या सफारी वापरूनही सात दिवस तुमच्या साइटकडे फिरकला नाही, तर सफारी हे सामान स्वतःच बाहेर फेकते. तेवढे कष्ट वाचले.

३. सेशन स्टोरेज: टॅब मिटला की आठवण गेली. जेवायला उठताना सगळं बंद करून जाणाऱ्यांसाठी खास.

४. यूआरएलला हात लावू नका. फिल्टर, क्रम, पान नंबर पत्त्यातच ठेवले तर रिफ्रेशनंतरही टिकतात, मागे जायचं बटण चालतं, आणि अडत्या तीच लिंक काटोलच्या बागायतदाराला व्हॉट्सॲपवर पाठवू शकतो. इतकं सोपं केलं तर तुमच्या हुशारीला वाव कुठे राहिला? कोणी "काहून बाप्पा?" विचारलंच, तर "पत्ता लांब दिसतो, भाऊ" एवढंच म्हणा.

५. कुकीच्या परवानगीची पट्टी लावा. 'नाही' म्हणणाऱ्याचा नकार कुठेच साठवू नका. साठवायला कुकी लागते आणि तिलाच तर त्याने नकार दिलाय. तत्त्व म्हणजे तत्त्व! रोज सकाळी नव्याने विचारा. होकार मात्र जपून ठेवा. क्रोममध्ये ४०० दिवसांवर कुकी टिकत नाही, एवढा अन्याय सोसा.

६. अडत्याचा फोन आला की सांगा: हिस्ट्री, कुकी, कॅश, सगळं क्लिअर करा. चुकून काही वाचलं असेल, तर तेही जाईल.