मोकळे काका

काकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे आणि ते तिथेच राहिलंय. मॉरिशसच्या कात्र बोर्नमधली आम्ही मराठी मंडळी त्यांना मोकळे काका म्हणतो. ओळख झाली की ते आधी तुमचं गाव विचारतात, मग तुमच्या गावच्या सबस्टेशनची हकीकत सांगतात आणि लगेच म्हणतात, "काही असेल तर सांगा. मी मोकळाच आहे." वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे टेस्टर असतो.

मुलगा इथे एबेनच्या सायबर सिटीत नोकरीला, म्हणून काका-काकू कोथरूडचा फ्लॅट बंद करून इकडे आले. काकूंचं बस्तान लगेच बसलं. कढीपत्ता बाजारात कुठल्या कोपऱ्यात मिळतो, डाळपुरीवाली बाई पुरण इतकं कोरडं कसं ठेवते, हे त्यांनी भाषा येत नसताना हातवारे करून काढून घेतलं. काकांचं तसं नव्हतं. त्यांना 'सेवा' हवी होती. कोथरूडला म्हणे त्यांच्याकडे सोसायटीचा पंप, गणपतीचं लायटिंग आणि ज्येष्ठ नागरिक संघाची सहल अशी तीन खाती होती. इथे एकही नाही. बिनखात्याचा मंत्री घरात काय धुमाकूळ घालतो ते सुनेला विचारावं. दोन महिन्यांत त्यांनी घरातले सगळे स्विच उघडून परत बसवले.

शोध त्यांनी रीतसर सुरू केला. 'प्रति, माननीय अध्यक्ष' थाटाचा इंग्रजी अर्ज टाइप केला, खाली अनुभव जोडला आणि प्रती काढून नगरपालिका, समाजकल्याण केंद्र, दोन देवळं आणि एक चर्च इथे स्वतः नेऊन दिल्या. सगळीकडे हसून स्वागत झालं. सगळीकडे अर्ज ठेवून घेतला. कुठूनही उत्तर आलं नाही.

यात त्या लोकांचा दोष नव्हता. जेमतेम साडेबारा लाख वस्तीचं बेट. इथे काम अर्जावर मिळत नाही, तोंडी मिळतं. आणि तोंडी मिळायला तुम्ही कुणाचे कोण हे समोरच्याला आधी कळावं लागतं. हे काकांना कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराने समजावलं. पाव घ्यायला रोज सकाळी त्याच वेळी या, रांगेत उभे राहा, गप्पा मारा, एवढाच त्याचा सल्ला. काकांना तो पटला नाही, पण पाव लागतोच, म्हणून ते जाऊ लागले. क्रिओल भाषेतलं एकच वाक्य त्यांनी घोटून घेतलं होतं: "ऊ बिझें कुदमे?" म्हणजे मदत हवी का. ते पावाच्या रांगेत, बसथांब्यावर, मेट्रोच्या फलाटावर, दिसेल त्या माणसाला विचारायचे. धडधाकट तरुण दचकायचे. "नों, कोरेक, तोंतों," म्हणायचे. इथे वयस्कर पुरुषाला तोंतों म्हणतात. काका घरी येऊन सांगायचे, "आज आठ जणांनी नको म्हटलं. पण फार प्रेमाने."

मध्यंतरी एका बालसंस्थेने होकार दिला, पण कागदपत्रं मागितली. परदेशी माणसाने फुकट काम करायचं म्हटलं तरी आपल्या व्हिसात ते बसतं का हे आधी विचारावं लागतं, आणि मुलांशी संबंध येणार असेल तर चारित्र्याचा दाखला लागतो. दाखला म्हटल्यावर काका दुखावले. "एवढी वर्षं सरकारी नोकरी केली, एक शेरा नाही!" काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "चारित्र्याचा मी देते लिहून. स्वभावाचा रकाना तेवढा नको म्हणावं त्यांना."

मग त्यांना वाटलं, आपल्याच माणसांना मराठी शिकवावी. मॉरिशसच्या मराठी लोकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर आले, बरेचसे रत्नागिरी-साताऱ्याकडून. काका एका देवळाच्या मंडळात गेले तेव्हा या बिछडलेल्या लेकरांना पोटाशी धरायच्या तयारीने गेले होते. सोबत अंकलिपी होती. तिथल्या शिक्षिकेने त्यांना शांतपणे सांगितलं की मराठी इथल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिकवतात, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत पुढचंही शिकता येतं आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. मग तिने विचारलं, "तोंतों, तुम्हाला जाखडी येते?"

कोथरूडच्या काकांनी जाखडी टीव्हीवर पाहिली होती, तीही चहा घेता घेता. इथे तर मंडळातली बारा वर्षांची पोरंसुद्धा ढोलकीवर गोल धरून नाचतात. पणजोबांच्या पणजोबांनी जहाजातून आणलेलं ते पाऊल त्यांनी टाकून दिलेलं नाही. काकांना गोलात घेतलं. पहिल्या फेरीत ते उलट्या दिशेने गेले. दुसऱ्या फेरीत एका आजीने त्यांचं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. अंकलिपी पिशवीतच राहिली. आता ते दर शनिवारी जातात. कुणी विचारलं तर "मराठीचं काम करतो" असं सांगतात, आणि ते खोटंही नाही.

खरं दार उघडलं ते ज्येष्ठांच्या क्लबमुळे. असे क्लब इथे गावोगावी आहेत. म्हातारेकोतारे जमतात, डॉमिनो खेळतात, सहली काढतात, भाषणं ऐकतात. पावाच्या रांगेत ओळख झालेल्या एका निवृत्त बस कंडक्टरने काकांना नेलं. तिथला माइक कित्येक महिने घुंई करायचा आणि सगळे त्या घुंईतून बोलायला शिकले होते. काकांनी कुणाला न विचारता प्लग उपटला. इथले प्लग तीन चौकोनी पायांचे, इंग्रजी पद्धतीचे. आतला स्क्रू सैल होऊन अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर नुसती लोंबत होती. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वायरचं टोक दाताने सोलायला गेले, आपण परदेशात आहोत हे आठवून खिशातून ब्लेड काढलं, तांब्याचे धागे पिळून स्क्रूखाली दाबले, झाकण लावलं आणि माइक तोंडाशी धरून म्हणाले, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन."

घुंई गेली. टाळ्या झाल्या. तेव्हापासून त्या क्लबात कुठलाही कार्यक्रम "एक, दोन, तीन" म्हटल्याशिवाय सुरू होत नाही. अध्यक्षबाई तमिळ वंशाच्या, चिटणीस मुसलमान, खजिनदार चर्चला जाणारे; तिघंही आधी गंभीरपणे एक-दोन-तीन म्हणतात. त्याशिवाय माइक बिघडतो अशी त्यांची समजूत आहे. काकांनी ती दूर केलेली नाही.

माइकची कीर्ती पसरली आणि कामांची रीघ लागली. इथून आमची, म्हणजे शेजाऱ्यांची, पीडा सुरू होते. काकांना नाही म्हणता येत नाही आणि सगळीकडे पोचताही येत नाही, त्यामुळे ते उरलेली कामं वाटतात. त्यांच्याकडे एक वही आहे. तीत रकाने आहेत: वार, ठिकाण, कुणाला भेटायचं, चहा देतात का. आणि शेवटचा रकाना 'कोण जाईल', ज्यात आमची नावं आम्हाला न विचारता लिहिलेली असतात.

"अगं, रविवारी तुझं काय आहे?"

"काका, एकच सुट्टी असते हो."

"तेच म्हणतो. सुट्टीच आहे ना? आणि तुझ्याकडे गाडी आहे."

अशा तऱ्हेने मी फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर कचरा गोळा करायला गेले. प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे 2016 पासून बंदी आहे. बाटल्या, झाकणं आणि काटे-चमचे मात्र वाळूत भरपूर. रविवारी सुरूच्या झाडांखाली कुटुंबंच्या कुटुंबं बिर्याणीची पातेली घेऊन येतात, स्पीकरवर इथली सेगा गाणी लावतात. काका पोतं घेऊन प्रत्येक कुटुंबापाशी जायचे आणि प्रत्येक कुटुंब त्यांना बसवून खायला घालायचं. मी वाकून वाकून दोन पोती भरली. काकांचं पोतं निम्मं भरलं, पोट पूर्ण. वर घरी येताना मला म्हणतात, "तू लोकांशी बोलत नाहीस, हा तुझा प्रॉब्लेम आहे."

त्यांना एकाच गोष्टीची चुटपुट आहे. जुलै 2020 मध्ये 'वाकाशिओ' नावाचं जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल समुद्रात सांडू लागलं. तेव्हा हजारो लोक स्वतःहून माएबुर्गच्या किनाऱ्यावर धावले, उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरून त्याचे लांबच लांब तरंगते बांध शिवले, काहींनी डोक्याचे केस कापून दिले. क्लबातला कंडक्टर हे सांगतो तेव्हा काकांचा चेहरा पडतो. "आणि मी तेव्हा कोथरूडला गॅलरीत!" संकट हुकल्याचं इतकं दुःख झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. चक्रीवादळाचा तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की सगळं बेट दारं-खिडक्या लावून घरात बसतं, बसणंच अपेक्षित असतं. काका तेव्हा घराघरांत फोन करून विचारतात, बाहेर काही काम आहे का.

महाशिवरात्रीला मात्र त्यांना हवं ते सापडलं. बेटाच्या चारी बाजूंनी लोक खांद्यावर कांवर, म्हणजे आपली कावड, घेऊन चालत गंगा तलाव या पवित्र तळ्याकडे निघतात. वाटेत जागोजागी मांडव टाकून चहा, सरबत, जेवण फुकट देतात. या मांडवांत कुणाला अर्ज लागत नाही. उभे राहिलात की हातात पळी येते. काकांना पळी दिली होती. पण त्यांचं लक्ष वर. तरुण पोरांच्या कांवरी सजवलेल्या, उंच, आणि वर विजेच्या तारा. 2024 साली अशीच एक कांवर तारेला लागून माणसं दगावली होती. काकांनी पळी माझ्या हातात दिली, एक लांब कोरडा बांबू मिळवला, त्यावर खूण केली आणि रस्त्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले. कांवर दिसली की बांबू शेजारी धरायचा आणि मराठीत ओरडायचं, "वायर! खाली घ्या! खाली!" भाषा न कळूनही पोरं वाकायची. पहाटेपर्यंत त्यांचा घसा बसला, पण ते हलले नाहीत. मी तेवढ्या वेळात किती पेले सरबत ओतलं ते विचारू नका.

तिथल्या तरुण मंडळाने सकाळी त्यांना आपलं चमकत्या पट्ट्यांचं पोपटी जाकीट भेट दिलं. तेव्हापासून काका ते काढत नाहीत. बाजारात घालतात, पावाच्या रांगेत घालतात, जाखडीत घालतात. लोक त्यांना रस्ता विचारतात आणि तेही बिनदिक्कत सांगतात. रात्री तेवढं खुर्चीच्या पाठीवर टांगतात. काकूंची मात्र पंचाईत झाली आहे. पाणी प्यायला उठून मोबाइलचा उजेड पाडला की समोर ट्रॅफिक पोलीस. परवा अर्धवट झोपेत त्यांनी खुर्चीला हात जोडून सांगितलं म्हणे, "साहेब, लायसन्स ह्यांच्याकडे आहे."