मास्तरांची खानावळ

मन खट्टू झालेल्या माणसाला आपल्याकडे खरा धोका असतो तो हितचिंतकांचा. ‘जरा बरं वाटत नाहीये’ एवढं तोंडातून निसटायचा अवकाश, आत्याबाई अनुलोम-विलोम सांगतात, शेजारचे काका ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ म्हणून सुनावतात, नवरा ‘तू विचार फार करतेस’ असं निदान करून पुन्हा मॅच बघायला लागतो. एक मैत्रीण तर लगोलग व्हॉट्सॲपवर सूर्योदय पाठवते, खाली सुविचारासकट. सूर्योदय बघून मी आणखी खचते. मला त्या घडीला सकाळ नकोच असते.

अशा वेळी मी शिंजुकूला जाते. टोकियोतल्या या झगमगाटी भागातल्या एका अरुंद बोळात रात्री बारा वाजता एक खानावळ उघडते आणि सकाळी सातला बंद होते. मालिकेचं जपानी नाव ‘शिन्या शोकुदो’, जगाला ठाऊक झालेलं नाव ‘मिडनाइट डायनर’. यारो आबे यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, ती २००९ साली टीव्हीवर आली आणि २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने तिचे पुढचे भाग आणले. भिंतीवरच्या यादीत खायचा पदार्थ एकच, डुकराचं मांस आणि भाज्या घातलेलं मिसोचं सूप. प्यायला बिअर, साके, शोचू, पण माणशी तीनच. मात्र यादी नावापुरती. गिऱ्हाइकाने मनाला येईल ते मागावं. सामान असेल तर खानावळीचा मालक, म्हणजे मास्तर, करून देतो, नसेल तर नाही म्हणतो. काओरू कोबायाशी या नटाने हा मास्तर असा उभा केलाय की त्याच्या गप्प राहण्यानेच निम्मं दुखणं पळावं. समोरचा माणूस आयुष्याची कर्मकहाणी ओतत असतो आणि हा शांतपणे कांदा चिरत असतो. फार तर ‘हं’ म्हणतो. प्राणायामाचं नाव नाही.

पहिल्याच भागात काळा चष्मा लावलेला एक गुंड येतो, नाव र्यू. जपानी टोळीतला, बघूनच लोक सरकून बसतील असा. आणि मागतो काय, तर लाल सॉसेज! मास्तर प्रत्येक सॉसेजला एका टोकाकडून चिरा देतो आणि तव्यावर टाकतो. ते तडतडतं, चिरलेले पाय हळूहळू बाहेर वळतात आणि तव्यावर चिमुकला ऑक्टोपस उभा राहतो. जपानी आया हे पोराबाळांच्या डब्यात देतात. पलीकडे बसतात कोसुझू, गे बार चालवणारे एक वयस्कर गृहस्थ, त्यांना हवं असतं अंड्याचं गोड ऑम्लेट, वळकटी केलेलं. दोघांची नजर एकमेकांच्या ताटलीवर जाते. मग एक ऑक्टोपस इकडे येतो, ऑम्लेटचा एक तुकडा तिकडे जातो. ‘तू गुंड का झालास’ किंवा ‘तुमचं हे असं कधीपासून’ असं कुणीही विचारत नाही. पंचवीस मिनिटांत भाग संपतो आणि मला भूक लागलेली असते. उदास माणसाला भूक लागणं म्हणजे पेशंट हाताला लागल्याची खूण.

आमच्या आईला मात्र हे न विचारणं झेपत नाही. सबटायटल्स भराभर पळतात म्हणून ती मला चालू समालोचन करायला लावते, आणि त्यात स्वतःच्या शंका पेरते. एका भागात तीन मैत्रिणी बसतात, लग्नाचं जमत नसलेल्या. तिघी भातावर गरम चहा ओतून खातात, ओचाझुके. एकीला वर आंबट उमेबोशी, एकीला सामन मासा, एकीला माशाची अंडी. आई म्हणाली, “भातावर चहा? दुधाचा?” मी हिरव्या चहाचं सांगितलं तेव्हा तिला जरा धीर आला. मग, “एवढ्या रात्री जेवून यांना पित्त नाही का होत?” मग, “हा मास्तर रात्रभर जागतो, घरी कोण आहे त्याच्या?” आणि सगळ्यात मोठा प्रश्न, “डोळ्यावर तो वार कसला?” मास्तरच्या डाव्या डोळ्यावरून एक उभा व्रण गेलाय. तो त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, गिऱ्हाइकंही विचारत नाहीत. आईच्या मते हा निव्वळ माणुसघाणेपणा आहे.

सबटायटल्सचं मला एक कौतुक वाटतं. आपल्या मालिका स्वयंपाकघरातून ऐकता येतात. भाजी फोडणीला टाकताना सासू कुणाला बोलतेय ते ढणाण्या संगीतावरून कळतं. जपानी मालिका मेथी निवडत बघायला गेलात तर माणूस मेला की झोपला हे कळत नाही. हातातलं सगळं खाली ठेवावं लागतं, फोनसुद्धा, आणि त्यासोबत डोक्यातलं दळणही थांबतं.

बाहेर एकट्याने जेवायला लाजणाऱ्यांसाठी ‘कोदोकु नो गुरुमे’ ही जपानी मालिका आहे, २०१२ पासून चालू. गोरो नावाचा एक उंच, सडसडीत विक्रेता कामाची भेट उरकतो, रस्त्यातच त्याला भूक लागल्याचा साक्षात्कार होतो, तो हॉटेल शोधतो आणि जेवतो. कथानक संपलं. गोरो झालेला युताका मात्सुशिगे हे इतक्या एकाग्रतेने करतो की घासागणिक मनातल्या मनात चाललेलं त्याचं भाष्य ऐकताना एखाद्या बैठकीला बसल्यासारखं वाटतं. हॉटेलं खरीखुरी असतात, आणि शेवटी मूळ मांगाचे लेखक मासायुकी कुसुमी स्वतः तिथे जाऊन खाऊन येतात.

कोरियन मालिकांचं औषध वेगळं. ते आधी रडवतं. ‘रिप्लाय १९८८’ ही वीस भागांची मालिका, २०१५-१६ ची. सोलमधल्या सांग्मुन-दोंग भागातली एक गल्ली आणि तिथली पाच कुटुंबं. नायिका दक-सनचा बाप बँकेत नोकरीला, पण दुसऱ्याला जामीन राहून बुडालेला, म्हणून घर अर्धं जमिनीखाली. जामीन राहणं काय असतं हे मराठी घरात वेगळं समजवायला लागत नाही. ही मधली पोरगी सोल ऑलिंपिकमध्ये मादागास्करचा फलक धरून चालायचा महिनोन्महिने सराव करते आणि मादागास्कर ऑलिंपिकवर बहिष्कार टाकतं! मधलं अपत्य असण्याचं याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही.

पण जीव जडतो तो पहिल्या भागातल्या ताटल्यांवर. संध्याकाळी एका घरची आई पोराला वाडगा देऊन शेजारी पिटाळते, शेजारीण त्याच्या हाती दुसरं काही देते, ते तिसऱ्या घरी जातं. गल्लीभर पोरं पदार्थ घेऊन धावतायत आणि वैतागतायत. शेवटी प्रत्येकाच्या जेवणात सगळ्यांच्या घरचं काही ना काही असतं. रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं हा नियम सोलमध्येही आहे हे बघून आई पहिल्यांदाच काही न विचारता गप्प बसली.

दक-सनचा नवरा पुढे कोण होतो, हे मालिका शेवटपर्यंत झुलवत ठेवते. कोरियात त्यावरून सरळ दोन तट पडले होते. आमच्या घरी ‘तू विचार फार करतेस’ म्हणणारे गृहस्थ आधी दारात उभे राहून बघत, मग सोफ्याच्या कडेवर टेकले, आणि एका रात्री अडीच वाजता मला हलवून म्हणाले, “मला वाटतं, तो बुद्धिबळवाला.” बुद्धिबळ नव्हे, गो नावाचा पटावरचा खेळ, एवढं सांगून मी कूस बदलली.

आणखी एक गुण असा की या मालिका संपतात. पुष्कळ कोरियन मालिका सोळा भागांत आवरतात. आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांवर भाग घेतले, तेव्हा उदास माणसाने कुठल्या भरवशावर बसायचं?

तरी जपून. कोरियन मालिकेत सगळं सुरळीत चाललं असताना नायक रस्ता ओलांडू लागला आणि लांबून पांढरा ट्रक दिसला, तर तिथेच बंद करा. ‘माय मिस्टर’ थोर आहे, पण सुरुवातीचे भाग इतके काळोखे की मन ताळ्यावर असतानाच बघा. समुद्र, गावगप्पा आणि देखणा माणूस एवढंच हवं असेल तर ‘होमटाउन चा-चा-चा’. आठवडेच्या आठवडे झोप आणि अन्न दोन्ही उडालं असेल, तर डॉक्टरकडे जा. ते मास्तरच्या आवाक्याबाहेरचं आहे.

बाकीच्यांनी जेवून घ्यावं, दिवा मंद करावा आणि पहिल्या भागापासून सुरू करावं. बघता बघता त्या डोळ्यावरच्या व्रणाचा कुठे पत्ता लागला, तर आमच्या आईला तेवढं कळवा.